तिकीट उघडं असतानाच लेख लिहा

सपोर्ट टीममध्ये माहितीचा साठा (ग्राहकांच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय सांगणारे लेख) उभा करायला घेतला की तो बहुतेक एकाच जागी अडतो: लिहिणं 'नंतर'वर जातं. तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या अडचणीची नोंद, बंद होतं, पुढचं येतं, आणि ग्राहकाचे नेमके शब्द डोक्यातून निघून जातात. म्हणून लेख तिकीट उघडं असतानाच लिहायचा. केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस, म्हणजे अडचण सोडवता सोडवताच माहिती लिहून ठेवणं) या पद्धतीचा गाभाही हाच.

तिकीट आलं की आधी शोध, तोही ग्राहकाच्याच शब्दांत. लेख सापडला तर तिकिटाला जोडा. त्यात चूक दिसली तर तिथल्या तिथे सुधारा. अधिकार नसेल तर खूण करून ठेवा. काहीच सापडलं नाही तर त्याच शब्दांपासून नवा लेख सुरू करा.

लेखाला चार भाग पुरतात: अडचण, ती कुठे येते (आवृत्ती, ब्राउझर, फोन), उपाय आणि कारण. सगळ्यात जास्त चुका पहिल्या भागात होतात. 'सेशन टोकन एक्स्पायर' असं शीर्षक दिलं, तर 'सारखं लॉगिन करावं लागतंय' असं शोधणाऱ्याला तो लेख सापडायचा कसा? उपायात एका ओळीत एकच कृती, आणि बटणाचं नाव स्क्रीनवर दिसतं तसंच. कारण ठाऊक नसेल तर जागा रिकामी सोडा. तिथे लिहिलेला अंदाज पुढचा माणूस खरा धरतो. ग्राहकाचं नाव किंवा खातं क्रमांक लेखात अजिबात नको.

प्रत्येक लेख वरिष्ठांच्या मंजुरीसाठी थांबवू नका, रांग साचते आणि लिहिणाऱ्यांचा उत्साह मावळतो. नवा लेख लगेच टीमला दिसू द्या. दुसऱ्यांदा कामी आला की तपासा, मग ग्राहकांसाठी खुला करा. पुष्कळ लेखांवर ही वेळच येत नाही, म्हणजे ती तपासणी वाचली.

'आठवड्याला पाच लेख' असं लक्ष्य तर कधीच देऊ नका. एकाच अडचणीचे तीन लेख तयार होतात आणि शोध आणखी बिघडतो. त्यापेक्षा बंद झालेल्या किती तिकिटांना लेख जोडला ते बघा. हा आकडाही कुठलाही लेख चिकटवून फुगवता येतो, त्यामुळे दर महिन्याला प्रत्येकाची ८-१० तिकिटं उघडून वाचावीच लागतात.

सुरुवातीला प्रत्येक तिकिटाला जास्त वेळ लागणार. त्या काळात हाताळणीच्या वेळेचं जुनं मोजमाप तसंच ठेवलं तर लोक आधी लिहिणंच सोडतील. एकच उत्पादन आणि ५-६ जण घेऊन सुरू करा. जाणत्यांना चॅटवर कुणी काही विचारलं तर त्यांनी उत्तर टाइप न करता लेखाची लिंक द्यावी. लेख नसेल तर विचारणाऱ्यानेच तो लिहावा आणि जाणत्याने वाचून बघावा.