ओटीपोटातले दुखणे अंगावर काढू नये

पाळीत पोट दुखायचेच, असे आपल्याकडे आईपासून आत्यापर्यंत सगळ्याच सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पहिल्या एक-दोन दिवसांतल्या कळा शेक घेऊन किंवा साध्या गोळीने थांबत असतील, तर त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. मात्र दर महिन्याला कॉलेज किंवा ऑफिस बुडत असेल, गोळी घेऊनही लोकलमध्ये उभे राहवत नसेल किंवा पाळी संपल्यावरही ओटीपोट ठणकत असेल, तर ते दुखणे अंगावर काढू नये. सहा महिने टिकलेल्या अशा दुखण्याला वैद्यकीय भाषेत जुनाट म्हणतात, पण डॉक्टरांकडे जाण्यासाठी तेवढे थांबायचे नसते.

माझ्या भाचीची सोनोग्राफी नॉर्मल आली, तेव्हा उपनगरातल्या एका दवाखान्यात तिला "टेन्शन घेऊ नकोस" एवढेच सांगून परत पाठवले होते. वास्तविक एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात त्या आजारात, साधी सोनोग्राफी पुष्कळदा स्वच्छ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, तरीही निदानाला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. पुढे भाचीने दुखण्याची वही ठेवली: कोणत्या तारखेला, नेमके कुठे, किती दुखले, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी वाढले का, किती गोळ्या लागल्या. पाळीच्या दिवसांत शौचाला जाताना कळ येते, हे त्या वहीतूनच दुसऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि तपासाची दिशा बदलली. गर्दीच्या ओपीडीत जेमतेम पाच मिनिटे मिळतात, तिथे अशी वही जाड फाइलपेक्षा उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

अर्थात प्रत्येक दुखणे एंडोमेट्रिओसिसचे नसते. फायब्रॉइड (गर्भाशयातील कर्करोगाची नसलेली गाठ), बीजकोशातील गाठ, गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग, मूत्राशयाचे किंवा आतड्याचे विकार, ओटीपोटाचे आखडलेले स्नायू, अशी कारणे बरीच आहेत. टीबी म्हटले की आपल्याला खोकला आठवतो, पण जननेंद्रियांचा टीबी खोकल्याशिवायही असू शकतो आणि मुंबईत ही शक्यता विसरून चालत नाही. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही संकोच न करता सांगावे. लग्न न झालेल्या मुलीला "आतून तपासतील" या भीतीने घरी ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना एवढेच सांगते की संमतीशिवाय तशी तपासणी करत नाहीत आणि सोनोग्राफी पोटावरूनही होते.

परळचे केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालये आणि १८८६ पासून स्त्रियांसाठी चालणारे, सीएसएमटीजवळचे सरकारी कामा रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. रांगेची तयारी ठेवून सकाळीच जावे आणि जुने केसपेपर बरोबर न्यावेत.

काही लक्षणांत मात्र ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नये. पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे हे गर्भनलिकेतील गर्भाचे लक्षण असू शकते; एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या होऊ लागल्या, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. ताप आणि दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, किंवा खूप रक्तस्राव, हेही त्याच दिवशी दाखवायचे. चक्कर किंवा कळेमुळे उभे राहता येत नसेल, तर टॅक्सी शोधत न बसता १०८ ला फोन करावा. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर ते थोडेसे असले आणि काही दुखत नसले, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.