बॅटरी ‘गुड’, गाडी बंद

‘थंडीमुळे होतं’ हे वाक्य या हिवाळ्यात मला इतक्यांदा ऐकावं लागलं की आता कुणी म्हटलं तर मी सरळ विचारतो, थंडी म्हणजे किती अंश? धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ६-७ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. कृषी महाविद्यालयात नोंदलेला आकडा पेपरात येतो आणि लोक तो एकमेकांना मोठ्या कौतुकाने सांगतात. माणसाला हुडहुडी भरायला एवढी थंडी पुरे आहे. धडधाकट बॅटरीला ती बंद पाडू शकत नाही. एवढीच गोष्ट एका दुकानदाराच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले.

मी राहतो देवपूरला, नोकरी शिरपूरला, पाळी सकाळची. म्हणजे अंधारातच निघावं लागतं. गाडी जुनी, डिझेलची, रात्रभर उघड्यावर उभी. दिवाळीनंतर सकाळी सेल्फ जड व्हायला लागला. आधी ‘घर्र… घर्र’ करत कशीबशी चालू व्हायची, मग एके दिवशी नुसती टकटक. डॅशबोर्डवरचे दिवे किल्ली फिरवली की मंद व्हायचे. गल्लीतली मुलं धक्का मारायला तयार असतात म्हणून वेळ निभावली. गंमत म्हणजे दुपारी हीच गाडी किल्लीला हात लावताच चालू. पुढचा सगळा घोळ या दुपारच्या शहाणपणामुळे झाला.

गॅरेजचं काम अर्ध्या तासात झालं. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून व्होल्टेज बघितलं, १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक. अर्थिंगची वायर घट्ट, कॉइल (डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारे ग्लो-प्लग) चारही चांगल्या, गाडी बंद असताना करंट कुठे गळत नाही. ‘बॅटरी बदला,’ म्हणाला. बिल घरात होतं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, आणि फुकट बदलून मिळायची मुदत जानेवारीत संपत होती. मला वाटलं, एका चकरेत काम फत्ते.

दुकान उघडतं साडेदहाला. माझी गाडी पहाटे धक्क्यावर चालू होऊन शिरपूरला जाते आणि दुपारी परत येते, म्हणजे शंभरेक किलोमीटर चार्ज खाऊन मी दुकानात पोचणार. काउंटरवरच्या पोराने बॉनेट उघडलं, बॅटरीवरच्या गोल काचेत डोकावला आणि म्हणाला, ‘भाऊ, बॅटरी ते चांगली शे. हिरवं दिखी राह्यनं, देखा.’

ती हिरवी काच पुष्कळांना फसवते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि ती काच त्यातल्या फक्त एकाच सेलचं सांगते. बाकीच्या पाचांतला एखादा बसला असेल तरी काच हिरवीच राहते. हे मी त्याला सांगितलं तर त्याने तोंड वाकडं करून मशीन आणलं. दोन चिमटे लावले, दोन-तीन बटणं दाबली, चिठ्ठी निघाली. त्यावर ‘गुड बॅटरी’, व्होल्टेज १२.५८. शेठ आतून बोलले, ‘थंडीमुळे होतं हो. सगळ्यांचंच होतं. सकाळी जरा धक्का मारायचा.’

मी चिठ्ठी खिशात घालून घरी आलो आणि चहा पिताना नीट वाचली. मशीन चाचणीच्या आधी विचारतं की बॅटरीचं रेटिंग काय. माझ्या बॅटरीच्या लेबलवर सीसीए, म्हणजे सेल्फ फिरवायच्या जोराचा आकडा, ४२० लिहिलंय. चिठ्ठीवर रेटिंग ३००, मोजलेलं २८४. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा मशीनमध्ये तसाच होता आणि पोराने ‘ओके’ दाबत पुढे नेलं होतं. तीनशेच्या मापाने २८४ म्हणजे पास. चारशेवीसच्या मापाने ती केव्हाच नापास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी पोराच्या शेजारी उभा राहून ४२० टाकायला लावलं. मशीन म्हणालं, ‘चार्ज अँड रीटेस्ट’. शेठ म्हणाले, बघा, चार्ज कमी आहे, तुमची गाडी कमी चालत असेल. रोज शंभर किलोमीटर चालते, मी म्हणालो. मग थंडीमुळे, ते म्हणाले.

तेव्हा मी लेबलवर बोट ठेवलं. सीसीए हा आकडाच थंडीतला आहे. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, ते मोजून तो छापतात. जी बॅटरी उणे १८ ला जोर दाखवायचं कबूल करते, तिने अधिक ७ ला मान टाकायची काय गरज? शेठनी चष्मा चढवला, लेबल वाचलं आणि म्हणाले, ‘ते कंपनीचं असतं. आपल्याकडे तसं नसतं.’ यावर काय बोलणार?

मी पहाटेचा व्हिडिओही काढून नेला होता. मल्टिमीटर बॅटरीला लावलेला, गाडी बंद असताना १२.१, आणि सेल्फ मारताच काटकन आठच्या खाली. (सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ लागली तर बॅटरीवर संशय घ्यावा. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, घेऊन ठेवा.) व्हिडिओ चालत नाही, मशीनची ‘रिप्लेस’ लिहिलेली चिठ्ठीच कंपनीला लागते, असं उत्तर मिळालं. मग दुपारी नाही, सकाळी तपासा, मी म्हणालो. सकाळी दुकान बंद असतं. मग रात्रभर ठेवून घ्या. ठेवून घेऊ, पण सर्व्हिस बॅटरी (तोवर वापरायला देतात ती) शिल्लक नाही, सगळ्या बाहेर आहेत, सोमवारी या. सोमवारी गेलो तर कंपनीचा माणूस गुरुवारी येतो म्हणे. माझी पाळी कोण करणार, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्याचं उत्तरही थंडी असंच आलं असतं.

हा उशीर मला का डाचत होता ते सांगतो. फुकट बदलीची मुदत संपली की पुढचा काळ प्रो-राटाचा, म्हणजे उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात सूट. ऐकायला बरं वाटतं, टक्क्यांत सूट मिळते. पण ती सूट छापील किमतीवर धरतात, आणि छापील किमतीत बॅटरी बाजारात कोण विकत घेतो? जुनी बॅटरी देऊन नवी घेतली तरी दुकानदार तसेच बरेच कमी करतात. दोन्ही हिशेब मांडले की प्रो-राटाची सूट बरीचशी हवेत जाते. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकलं की कार्डावरची तारीख डोळ्यासमोर यायची.

शेवटी उपयोगी पडली ती वरवरच्या चार्जची गोष्ट. गाडी चालवून आणली की किंवा बॅटरी चार्जरवरून नुकती काढली की व्होल्टेज फुगलेलं असतं, त्यावर केलेली चाचणी खोटं बोलते. एक तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं. नाही तर पूर्ण चार्ज करून, वायरी काढून, रात्रभर नुसती ठेवायची. चांगली बॅटरी सकाळी १२.६ च्या आसपास उभी असते. सेल बसलेली बॅटरी काही न करता खाली येते. मी शेजाऱ्याच्या बंद पडून असलेल्या गाडीची बॅटरी दोन दिवसांसाठी मागून आणली, माझी दुकानात टाकली आणि वहीवर लिहून घेतलं: ‘रात्री चार्ज, चार्जर काढून ठेवणे, सकाळी उघडल्याबरोबर टेस्ट, रेटिंग ४२०.’ खाली पोराची सही घेतली. शेठ हसले. हसू दे.

सकाळी व्होल्टेज १२.०४. चिठ्ठीवर ‘रिप्लेस बॅटरी’. पोराचा चेहरा उगाच पडला. खरं तर पोरगा मेहनती आहे, त्याला कुणी नीट शिकवलेलं नाही एवढंच. चिठ्ठी निघाल्यावर कंपनीच्या माणसाची गरजच पडली नाही. फोटो गेले, मंजुरी आली, जानेवारीची तारीख उजाडायच्या आत नवी बॅटरी बसली. त्या दिवशी पहाटे गाडी एका सेल्फमध्ये उठली आणि मी उगाच बंद करून परत चालू करून बघितली.

आता ही बॅटरी मेली कशाने? तर मे महिन्याने. ४३-४४ अंशांत उन्हात उभी गाडी, त्यात बॉनेटच्या आत त्याहून जास्त. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. आतल्या प्लेटांच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण गरम इंजिन हलकं फिरतं आणि अर्धमेली बॅटरीही ते फिरवते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर थोडा कमी पडतो. बोल मात्र थंडीला. खान्देशात बॅटरी तपासायची तर ऑक्टोबरात तपासावी, थंडी पडायच्या आधी.

मधल्या काळात जे शिकलो ते आठवेल तसं लिहितो.

आमच्या शेजारचे आबा एस.टी.त ड्रायव्हर होते. ते रोज गॅलरीतून ओरडायचे, ‘दिवा जाऊ दे, मंग सेल्फ मार. घाई नको करू.’ डिझेल गाडीत किल्ली अर्धी फिरवल्यावर कॉइलचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. क्लच पूर्ण दाबायचा, हेडलाइट-ब्लोअर-रेडिओ सगळं बंद. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, नाही लागली तर अर्धा-एक मिनिट दम घेऊ द्यायचा. सेल्फ चांगला फिरतोय, गाडी पांढरा धूर टाकत थरथरतेय, तर बॅटरी नाही, कॉइल बघा.

चहाच्या टपरीवर एकाने सल्ला दिला की डिझेल गोठलं असेल, थोडं रॉकेल टाक. नका टाकू. इंजेक्टर आणि पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने ते कमी होतं आणि बिल हजारांत येतं. डिझेल गोठायची कटकट लडाखची. तिथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. आमच्याकडे फार तर तोरणमाळला आणि डाबकडे एखाद्या पहाटे दव गोठतं, त्याचे फोटो फिरतात. ऑइल चेंबरखाली शेकोटी पेटवायचा ट्रकवाल्यांचा प्रकार तर कारखाली अजिबात करू नये, आजच्या गाड्यांत खाली प्लॅस्टिक आणि वायरीच असतात.

जंपर केबल लावायची वेळ आली तर क्रम पाठ ठेवा. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. काढताना उलट क्रमाने.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वर व्हॅसलिन लावा. आधी मायनसची वायर सोडा. नट सैल असले तरी टकटक येते आणि माणूस नवी बॅटरी घेऊन मोकळा होतो.

गाडी चालू झाल्यावर दहा मिनिटं जागेवर घरघरत ठेवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवून चालवा, चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. सोनगीरपर्यंत काटा वर येतो, तोवर मी गाडीला ताणत नाही. सावळद्याला तापीच्या पुलावर धुकं असलं की काच आतून धुरकटते. तेव्हा एसी चालू, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत घ्यायची. हीटरसोबत एसी का, असं बायकोने विचारलं होतं. एसी हवेतला ओलावा काढतो. फडक्याने पुसत बसू नका, पुलावर तर नाहीच.

टायरमधली हवा पहाटे, गाडी थंड असताना बघावी. साडेपाच अंशांमागे साधारण १ पीएसआय उतरतो. पहाटे ७ आणि दुपारी २८ म्हणजे दुपारी नीट भरलेली हवा सकाळी तीन-चारने कमी भरते.

वॉरंटीबद्दल एक राहिलं. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी मिळत नाही, जुन्याच तारखेपासून मोजतात. म्हणजे माझी फुकट बदलीची मुदत आता संपली, पुढे प्रो-राटाच. पण नव्या बॅटरीचा सीरियल नंबर जुन्या कार्डावर लिहून, त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, नाही तर पुढे तेही गेलं. शेठ म्हणाले, नंतर या, शिक्का घरी आहे. मी तिथेच स्टुलावर बसलो. पोरगा जाऊन शिक्का घेऊन आला.