२७ नंबरचा फोटो

रात्रीचे साडेअकरा.

आज पुन्हा सगळे फोटो जमिनीवर मांडले. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट, मागे पेन्सिलीने नंबर. बाबांच्या आजारपणातली घरातली दोन वर्षं आहेत ही. १४० फोटोंपासून सुरुवात केली होती, आता ६८ उरलेत. यांचं पुस्तक ८० पानांचं, म्हणजे १६ पानांचे पाच फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं म्हणजे एक फर्मा). शीर्षक, श्रेयनामावली आणि मोकळी पानं वजा केली तर अजून चौदा-पंधरा गाळावे लागणार.

आणि आज गाळला तो नेमका २७ नंबरचा. बाबा खिडकीकडे बघताहेत, अर्ध्या चेहऱ्यावर उजेड. ज्यांनी ज्यांनी फोटो पाहिले ते सगळे त्याच्यापाशीच थांबले. भिंतीवर एकटा लावला तर आजही तोच लावीन. पण पुस्तकात त्याच्या आधी दोरीवर वाळत घातलेला त्यांचा एकच सदरा आहे आणि नंतर चष्म्याची बंद डबी. त्या दोघांच्या मध्ये चेहरा आला की वाचणाऱ्याला स्वतःहून कळायचं ते आपणच बोलून टाकतो. तो काढला आणि सदऱ्यावरून नजर थेट डबीवर गेली. मला एकदम भरून आलं.

दुसरी चूक उशीची. डोकं उचलल्यावर उशीत राहिलेला खळगा डाव्या पानावर आणि समोर पाण्याचा पेला वरून घेतलेला, असं लावलं होतं. गोलाला गोल. आठवडाभर ही जोडी मला फार आवडत होती. आज लक्षात आलं की नजर आकारच जुळवत बसते, खळगा कुणी बघतच नाही. पेला पुढच्या फर्म्यात नेला. खळगा उजव्या पानावर घेतला, डावं कोरं ठेवलं. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने अमेरिकेत २७ हजारांहून जास्त फ्रेम टिपल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात घेतले फक्त ८३ फोटो. १९५९च्या अमेरिकन आवृत्तीत फोटोंच्या समोरची पानं जवळजवळ कोरी आहेत. इतके दिवस मला तो मांडणीतला साधेपणा वाटायचा. खरं तर त्या कोऱ्या पानावर मागचा फोटो ओसरतो आणि पुढच्याला जागा होते.

मग साधे कागद दुमडून, मध्ये शिवून डमी केली. स्क्रीनवर काही गोष्टी कळतच नाहीत. दोन पानांवर पसरलेल्या खाटेच्या फोटोत बाबांचा हात बरोब्बर शिवणीत गेला होता, दोन बोटं गायब. तो आता एकाच पानावर येईल, लहान झाला तरी चालेल. हात कापलेला मला बघवणार नाही.

जेवणानंतर ताईने डमी चाळली. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. सदरा, डबी, मग कोरं पान. तिथे तिचा वेग आपोआप मंदावला. खळग्याच्या पानावर ती थांबली आणि अंथरूण नीट करताना फिरवतात तसा तिने कागदावरून तळहात फिरवला. २७ नंबरबद्दल विचारलंच नाही.

तो पाकिटात घालून कपाटात ठेवलाय. उद्या तिसरा फर्मा.