लेन्स आहेत, बॉडी हवी

जुन्या निकॉन लेन्सचं मागचं झाकण काढलं की कड्यावर एक बारीक खाच दिसते, चपट्या स्क्रूच्या डोक्यासारखी. लेन्सच्या पोटात मोटर नसते. कॅमेऱ्याच्या माउंटमधून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यातून, एक इवलासा स्क्रूड्रायव्हर बाहेर डोकावतो, त्या खाचेत बसतो आणि लेन्सचा फोकस फिरवतो. घर्र, घर्र, टक. ज्यांनी ५० एमएम एफ/१.८ डी वापरली आहे त्यांना हा आवाज पाठ असतो. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटामागून तो आला की पहिल्या रांगेतल्या आजी मान वळवून बघतात.

जुनी डिजिटल बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलायची ठरली की सगळे मेगापिक्सेल मोजत बसतात. माझ्या मते आधी त्या खाचेकडे बघावं.

निकॉन डी७० घ्या. २००४ सालचा कॅमेरा, सहा मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ते १६००, त्यातलं १६०० न वापरलेलं बरं. मागचा पडदा १.८ इंची, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फोटो नीट आलाय की हलला, हे घरी गेल्यावर कळायचं. कार्ड कॉम्पॅक्ट फ्लॅश. आणि तरीही ही बॉडी पुष्कळ घरांत अजून चालू आहे, कारण तिच्यासोबत आलेल्या लेन्स चालू आहेत: १८-७०, नंतर कधीतरी घेतलेली पन्नास, आणि सवलतीत मिळालेली ७०-३०० जी. १८-७० मध्ये स्वतःची मोटर आहे. उरलेल्या दोन्ही स्क्रूवर चालणाऱ्या.

वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलं की विक्रेता डी३५०० किंवा डी५६०० पुढे सरकवतो. हलका, स्वस्त, २४ मेगापिक्सेल, एकाला फिरता पडदासुद्धा. सगळं खरं. फक्त त्या बॉडीत स्क्रूड्रायव्हर नाही. २००६ च्या डी४० पासून निकॉनने स्वस्त बॉडींमधली ती मोटर काढून टाकली, आणि डी३००० आणि डी५००० या दोन्ही घराण्यांत ती कधीच परत आली नाही. पन्नास बसते, प्रकाश मोजणारं मीटर चालतं, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने फिरवायचा. त्या छोट्या व्ह्यूफाइंडरमधून एफ/१.८ वर हाताने फोकस करणं म्हणजे नशिबावर सोडणं. मग महिन्याभरात माणूस मोटरवाली पन्नास जी घेतो, आणि वाचवलेले पैसे तिथे जातात.

म्हणून वर जायचं, पण फार वर जायचं नाही. डी७००० (२०१०), डी७१०० (२०१३), डी७२०० (२०१५), या तिघांत स्क्रू आहे आणि माउंटभोवती एआय लेन्सचा, म्हणजे १९७७ पासूनच्या हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सचा, ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक) वाचणारी छोटी खुंटीही आहे. २०१७ च्या डी७५०० मध्ये स्क्रू राहिला, पण खुंटी गेली आणि दुसरा कार्ड स्लॉटही गेला. नव्याला जास्त नंबर दिला म्हणून त्यात सगळं जास्त असतं असं नाही. ती खुंटी कशाला हवी, तर घरात कुणाची तरी रोलवाली एफएम२ किंवा एफएम१० पडून असते आणि तिच्यावरची पन्नास अजून स्वच्छ असते. मेनूत ‘नॉन-सीपीयू (चिप नसलेली) लेन्स डेटा’मध्ये ५० एमएम आणि एफ/१.८ भरलं की त्या लेन्सवर मीटर चालतं. अशा नऊ लेन्सची नोंद ठेवता येते. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स मात्र या बॉडींवर जोर लावून फिरवू नका, ती खुंटीच मोडते.

निकॉनचं एफ माउंट १९५९ पासून तेच. कॅनॉनने १९८७ मध्ये एफडी सोडून ईएफ आणलं तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांनी खूप बोटं मोडली. आता मागे वळून बघता कॅनॉनवाले सुखी दिसतात: ईएफ लेन्समध्ये पहिल्यापासून मोटर, त्यामुळे ३५० डी वरून ८० डी वर जाताना किंवा कॅनॉनच्या नव्या आर माउंटच्या बॉडीवर अडॅप्टर लावताना फोकस बंद पडायची भीती नाही. लाल ठिपक्याची ईएफ कुठेही बसते. पांढऱ्या चौकोनाची, छोट्या सेन्सरसाठीची ईएफ-एस फुलफ्रेम (रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) डीएसएलआरवर बसत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. निकॉनवाल्याला निष्ठेचं फळ म्हणून कोणती लेन्स कुठे चालते याचे तक्ते पाठ करावे लागतात.

तक्ते पाठ करायची सवय तशी जुनीच. रोलच्या जमान्यात कॅमेरा कपाटात वरच्या खणात, आणि तो काढायचा अधिकार घरातल्या एकाच माणसाचा. छत्तीसचा रोल. मुंजीला वीस, अष्टविनायकाला दहा, आणि उरलेले सहा दिवाळीपर्यंत तसेच आत. “अजून तीन आहेत, वाया घालवू नका,” हे वाक्य ऐकत एक पिढी रांगेत उभी राहून मोठी झाली. एएसए (आयएसओचं जुनं नाव) १०० चा रोल, कडक ऊन, तर एफ/१६ वर एकशेपंचविसावा सेकंद, सावलीत एफ/५.६, हे आकडे रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला छापलेले असत आणि ते खोकं फाडून कॅमेऱ्याच्या कव्हरमध्ये ठेवलेलं असे. त्या कव्हरच्या आतलं लाल मखमली अस्तर, त्याचा वास. चामड्याचं ते कव्हर हाच बुरशीचा पहिला पत्ता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

बुरशीचं पुढे येईलच. आधी फुलफ्रेमचा मोह. डी७०० (२००८) आता जुन्या बाजारात परवडतो आणि हातात घेतला की सोडवत नाही. पण त्यावर डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली, १८-७० लावली की सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जातो: २७८४ बाय १८४८, म्हणजे सुमारे पाच मेगापिक्सेल. डी७० चे सहा होते. एवढा खर्च करून एक मेगापिक्सेल खाली. पन्नास आणि ७०-३०० साठी मात्र तो स्वर्ग, दोन्ही पूर्ण चित्रावर चालतात. आपल्याकडच्या लेन्समध्ये डीएक्स किती आणि बिगर-डीएक्स किती, हे मोजल्याशिवाय फुलफ्रेमच्या नादी लागू नये.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर सहावरून चोवीस म्हणजे चौपट तपशील नव्हे. रुंदीत ३००८ चे ६००० होतात, दुप्पट. बारा बाय अठराचा प्रिंट ३०० डीपीआयने काढायला साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, आठ बाय बाराला साडेआठ पुरतात. खरा फायदा अंधारात. डी७० वर आयएसओ आठशेला कुरकुरणारं चित्र डी७२०० वर ३२०० ला छान उतरतं. आणि चोवीस मेगापिक्सेल लेन्सची लाज काढतात हेही खरं. १८-७० चे कोपरे १८ एमएमवर मऊ, कडांना लाल-हिरवी झालर. एफ/८ ला आणा, बरंच सावरतं. झालर जेपीईजीत कॅमेरा स्वतःच काढतो. ७०-३०० जी तीनशेवर एफ/११ शिवाय बघवत नाही. हा दोष सहा मेगापिक्सेलमध्येही होता, फक्त झाकलेला होता.

डी७१०० आणि डी७२०० यांत काय घ्यावं? १४-बिट रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेले फोटो) सलग काढले तर डी७१०० चा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, सहा फोटोंत भरतो, डी७२०० चा अठरात. सावल्या खूप उजळल्या की डी७१०० मध्ये आडवे पट्टे दिसतात. वरातीत नाचणाऱ्यांचे फोटो काढत असाल तर डी७२०० साठी थांबा. नाटकाचे, निसर्गाचे, एकेक करून काढत असाल तर डी७१०० मध्ये पैसे वाचतात.

जुनी बॉडी घेताना विक्रेता व्हॉट्सॲपवर नमुना फोटो पाठवतो. त्याचा काही उपयोग नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबतं आणि आतली माहिती पुसतं. कॅमेऱ्यातून थेट आलेली जेपीईजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा आणि एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालंय तो आकडा, बघा. निकॉन तो प्रत्येक फोटोत लिहितो. डी७०००, डी७१०० आणि डी७२०० या तिन्ही बॉडींचं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे. सत्तर-ऐंशी हजारांची बॉडी योग्य भावात मिळाली तर घाबरायचं कारण नाही. प्रत्यक्ष बघायला जाताना स्वतःची पन्नास घेऊन जा. दुकानदार मोटरवाली लेन्स लावून दाखवतो, त्यात स्क्रूची परीक्षा होतच नाही. पन्नास लावा, जवळच्या वस्तूवरून लांबच्यावर पाच-सहा वेळा फोकस फिरवा. अडखळला, मध्येच थांबला, तर पुढे बोलणं नाही. मग एफ/१६, आयएसओ १००, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. धुळीचे राखाडी ठिपके ब्लोअरने जातात. कडा काळ्या असलेले गोल ठिपके बहुधा तेलाचे, त्यांना ओला स्वॅब लागतो. टोपी लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, पेटलेले पिक्सेल दिसतील. हाताच्या पकडीचं रबर फुगून सुटलेलं असेल तर नाक मुरडू नका. भाव पाडा आणि दुहेरी टेपने चिकटवा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात हे सगळं काउंटरवर उभं राहून करता येतं. तिथे कुणाला नवल वाटत नाही.

घरी आल्यावर पन्नास लावली आणि पडद्यावर ‘एफईई’ लुकलुकलं की लोक घाबरून दुकानात फोन करतात. लेन्सचं ॲपर्चर कडं २२ वर नेऊन छोट्या खटक्याने बंद करा. एवढंच. पुढचा प्रश्न खरा: बॉडी बदलली की फोकस थोडा पुढे-मागे पडू शकतो. एफ/१.८ वर डोळ्याऐवजी कान स्पष्ट. ट्रायपॉडवर कॅमेरा, अडीच मीटरवर सपाट उभं वर्तमानपत्र, एफ/१.८. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि पहिला मऊ, तर मेनूतल्या ‘एएफ फाइन ट्यून’मध्ये पाच-पाचने सरकवत दोन्ही सारखे करा. ही सोय डी५६०० मध्ये नाही, हेही विकत घेताना सांगत नाहीत.

पैसे उरवायला हवेत तेही आधीच. डी७० ची ईएन-ईएल३ बॅटरी नव्या बॉडीत चालत नाही, ईएन-ईएल१५ लागते. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं कामाची नाहीत, दोन एसडी घ्या. जुन्या कॅमेऱ्याची रॉ फाइल पाच एमबीच्या आसपास, आता तीसच्या आसपास. हार्ड डिस्कही मोठी हवी. एसबी-६०० फ्लॅश मात्र तसाच चालतो, आणि बॉडीवरच्या उघडणाऱ्या फ्लॅशने तो दुरून पेटवताही येतो.

मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचं, विचारतात म्हणून सांगतो. निकॉन झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टरने या लेन्स बसतात, पण अडॅप्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर नाही. १८-७० फोकस करेल. पन्नास आणि ७०-३०० हाताने. लेन्स वाचवायच्या म्हणून निघायचं आणि अर्ध्या लेन्स घरी बसवायच्या, हा हिशेब बजेटवाल्याचा नाही.

आणि बुरशी. नव्या बॉडीला जुनी लेन्स लावायच्या आधी ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी, पुढच्या-मागच्या भिंगावर असेल तर पुसली जाते, मधल्यावर असेल तर लेन्स उघडावी लागते. कोटिंग खाल्लं असेल तर डाग जात नाही. बुरशीवाली लेन्स चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नये म्हणतात. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, खरी गोष्ट दमटपणाची. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासमध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की भाजून परत टाका. तांदूळ नको, त्याचा भुगा लेन्समध्ये जातो.

डी७० विकू नका. एक्स्चेंजमध्ये त्याचे कुणी काही देत नाही, आणि त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी डी७२०० कडे नाही: फ्लॅशसोबत पाचशेवा सेकंद, भर दुपारच्या उन्हातही. डी७२०० अडीचशेव्याला थांबतो, पुढे गेला तर फ्लॅशचा जोर कमी होतो. शिवाय डी७० च्या सेन्सरपुढचा इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर कच्चा आहे. जवळपास फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा आर७२ फिल्टर लावून ट्रायपॉडवर काही सेकंद दिले की सह्याद्रीतली झाडं पांढरी येतात. पांढऱ्या झाडांचं करायचं काय, ते विचारू नका.