चार काड्या सांबार

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही म्हणून उठून लिहायला बसले. काल नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवाल्या मावशीनं माझ्या पिशवीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आणि पैसे घेतले नाहीत. गोष्ट एवढीच आहे. पण कालपासून ती डोक्यातून जात नाही.

आठ वाजून गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता, ताडपत्र्यांवरून पाणी टपकत होतं. मी उशिराच जाते. त्या वेळी वाटे लागतात, वीसचा वाटा पंधराला मिळतो. बुधवारच्या भाजीला 150 रुपये, त्यात रविवारपर्यंत भागवायचं, हे मार्चपासूनचं ठरलेलं आहे. आलू, वांग्यांचा एक वाटा, चवळीच्या शेंगा, पालकाच्या दोन जुड्या घेतल्या. मग अर्धा किलो टमाटर काट्यावर टाकले आणि तेव्हा मिरच्या राहिल्याचं लक्षात आलं. मुठीतल्या नोटा परत मोजल्या. आजूबाजूचे सगळे मोबाईल समोर धरून पैसे देतात, नोटा मोजणारी मीच. मोबाईलवरून दिले की हिशेब सुटतो म्हणून मी रोकडच नेते, पण रोकड दिसते. किती आहे आणि किती नाही, समोरच्याला दोन्ही दिसतं.

"मावशी, पावच राहू दे," म्हटलं आणि काट्यावरून टमाटर मीच उचलायला लागले. एक उचललं, लाल आकडे 520 वरून 430 वर आले. दुसरं उचललं, 335. तिसरं जरा मोठं होतं, 250 च्या खाली जाईल म्हणून ते ठेवून लहान उचललं. मावशी बघत होती.

ती नेहमी विचारते तसं तिनं विचारलं, "सांबार नाई पाह्यजे का?"

"नको, घरी आहे."

घरी नव्हता. भाद्रपद तोंडावर आलाय, पावसानं सांबार आग झालाय, दहा रुपयांत चार काड्या येतात. घरी दहा दिवसांपासून नव्हता. मी खोटं बोलले हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. तिनं मागच्या ओल्या पोत्याखालून मूठभर सांबार काढला, पिशवीत पालकावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे वं बाई, पैसे कायचे. पोराईच्या वरणात टाकजो."

मी आभारसुद्धा मानले नाहीत. पिशवी उचलून निघाले. घर येईपर्यंत कान तापलेले होते.

मी घरी सांगितलं नाही. सांगितलं फक्त सासूबाईंना, तेही असंच बोलता बोलता, सांबार निवडताना. त्या म्हणाल्या, "त्यात काय? आमच्या वेळी सांबार विकत कोण घेत होतं? भाजी घेतली की सांबार आन् मिरच्या वरून मिळतच होत्या." हे खरं आहे. माझ्या लहानपणीही आई पिशवी उघडी धरायची आणि भाजीवाला न मागता वरून टाकायचा. मग मावशीनं तेच केलं असेल. जुनी रीत. पण गेली सहा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते, आणि सहा वर्षांत तिनं सांबाराचे पैसे एकदाही सोडले नाहीत.

निवडताना आणखी एक झालं आणि खरं म्हणजे ते लिहायलाच मी उठले. त्या मुठीत दोन-तीन काड्या सडलेल्या निघाल्या. काळपट, बोटाला चिकट, पोत्यात दबून दबून गेलेल्या. आणि त्या सापडल्या तेव्हा मला बरं वाटलं. मनात आलं, म्हणजे माल फेकायचाच होता, म्हणून दिला. दया वगैरे काही नाही, शेवटचा सडका माल. क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग वाटलं, हे काय होतंय मला? एका बाईनं माझ्या मुलांसाठी काहीतरी दिलं आणि ते कचऱ्यातलं निघावं अशी मी वाट बघत होते. ती बाई पहाटे तीनला उठून कॉटन मार्केटातून माल उचलते, दिवसभर ओल्यात बसते. तिचंही पोट त्याच हिशेबावर आहे. तिनं दिलेलं मला कमी दर्जाचं ठरवायचं होतं, कारण ते घेणं मला जड जात होतं.

वरण मात्र छान झालं. लसूण-जिऱ्याची फोडणी आणि वरून सांबार. धाकट्यानं झाकण उघडताच ओरडून सांगितलं, आज वास आला, आज वास आला. यांनी दोनदा घेतलं. हे मार्चपासून दुसऱ्यांदा मागत नाहीत. त्याबद्दल आज नाही लिहीत.

हिशेबाची वही काढली. रोजचे 200, राशन आणि गॅस सोडून. दूध 30, डाळ 20, तेल 15, चहा-साखर 15, भाजीचे 40 बाजूला, उरतं ते वरच्या गहू-ज्वारीला आणि किरकोळ सामानाला. राशनचं पाच माणसांचं 25 किलो धान्य अर्ध्या महिन्याच्या थोडं पुढे जातं. काल भाजीच्या ओळीत सगळं लिहिलं. आलू, वांगी, शेंगा, पालक, टमाटर, मिरच्या. मग सांबार असा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहावं कळेना. शून्य लिहवेना. ती जागा तशीच सोडली.

मला वाटत होतं मी चांगलं सांभाळते आहे. दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन टाकून दळून आणते, पोरांना पत्ता लागत नाही. डाळ तासभर भिजवून मगच कुकरला लावते, सिलेंडर चाळीस दिवसांच्या आसपास जातो. पालकाच्या एका जुडीला बेसनाचं आलन लावलं की पाच जणांना पुरते आणि कोणी म्हणत नाही की भाजी पातळ आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर मुंगवड्या घातल्या होत्या, त्या आता पावसात आलूच्या रश्श्यात कामी येतात. उरलेल्या वरणाच्या चिकोल्या, म्हणजे वरणफळं, होतात, आणि त्या दिवशी तर पोरं जास्त खूश असतात. हे सगळं मी अभिमानानं करते. माझ्या घरात कोणी उपाशी उठत नाही. मग मावशीला काय दिसलं? माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं होतं?

रात्री झोप येईना म्हणून डाळीचाही हिशेब केला. करायला नको होता. धाकट्याच्या शाळेत भिंतीवर लिहिलेलं आहे, पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ. मी एका वेळेला पाच जणांत एक लहान वाटी डाळ घालते. मोठीच्या स्वयंपाकाच्या प्रयोगासाठी आणलेला काटा घरात आहे, त्यावर वाटी ठेवली. 75 ग्रॅम. माणशी 15. श्रावण आहे म्हणून अंडीही बंद, म्हणजे सगळा भार डाळीवरच. आई घरी 15 घालते आणि शाळा 20 घालते.

वही मिटली. खूप रडले. आवाज न करता, ओट्याला टेकून.


शनिवार

काल पोळा झाला. पुरण केलं, थोडंच, चण्याच्या डाळीचं आणि गुळाचं. मोठीनं पुरण वाटलं, मी लाटलं, माणशी दोन पोळ्या आल्या. सासूबाईंनी त्यांची एक धाकट्याच्या पानात सरकवली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. काय बोलणार?

आज दोघं यांच्यासोबत इतवारीत मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेले. काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून, हे मोठीनं शाळेत लिहिलं होतं ते ती भावाला रस्ताभर सांगत गेली म्हणे. परत आला तो घसा बसवून. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. अंगणात उभा राहून ओरडत होता. हे आत पाणी पीत उभे होते, त्यांनी पेला खाली ठेवला आणि बाहेर जाऊन त्याच्यासोबत ओरडायला लागले. मोठ्यानं. शेजारच्या काकू बाहेर आल्या. मला आधी कसंतरी झालं, मग मीही दारात येऊन उभी राहिले. इतक्या महिन्यांनी यांचा एवढा मोकळा आवाज ऐकला.

आज पोळ्याची कर. गल्लीत घरोघरी मटणाचा वास. आमच्याकडे पाच अंडी, 35 रुपयांची, रस्सा मात्र सावजीसारखा तिखट आणि वर तर्री. पोरांनी भात तर्रीत कालवून खाल्ला. अंडं शेवटपर्यंत पानाच्या कडेला ठेवून मग खाल्लं दोघांनीही, कोणी न शिकवता.

डाळीचं मी ठरवलं. एका वेळेला 100 ग्रॅम, माणशी 20. दिवसाला सहा रुपयांच्या वर जास्त लागतात, महिन्याला जवळपास 190. आठवड्यातून तीनदा तुरीऐवजी चणाडाळ वापरली तर त्यातले बरेच निघतात. पालक घालून डाळभाजी केली की वेगळी भाजीही लागत नाही. लाखोळीची डाळ अजून स्वस्त पडली असती, पण सासूबाई ती घरात येऊ देत नाहीत. त्यांच्या भंडाऱ्याकडच्या गावात लाखोळी खाऊन खाऊन पाय गेलेला माणूस त्यांनी लहानपणी पाहिलाय, काठीवर सरकत चालणारा. त्यांचं ऐकते. तेवढं ऐकलंच पाहिजे.

सांबाराची जागा वहीत अजून रिकामी आहे. काल पान उलटताना पुन्हा दिसली. एक गोष्ट मनात येते आहे आणि मी ती टाळते आहे. माझी आई द्यायची. आमच्या घरीही काही फार नव्हतं, पण दारात आलेल्याला ती भाकर द्यायचीच, आणि देताना त्याच्याकडे बघायची नाही. खाली बघून द्यायची. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाली, त्याला आपलं तोंड कशाला दाखवायचं. मावशीनंही पिशवीतच टाकला होता. माझ्या हातात दिला नाही. माझ्याकडे न बघता, पालकावर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "काय देऊ" म्हणून विचारलं. हे मला आज आठवलं. बुधवारी मला फक्त तिनं टमाटर उचलताना बघितलं एवढंच आठवत होतं.

तरी घेणं अवघड आहे. देणाऱ्या घरात वाढलेल्याला जास्त अवघड आहे की काय, माहीत नाही.


बुधवार

दुसऱ्या भाजीवाल्याकडे जायचं असं दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. शेवटी मावशीकडेच गेले, तेही लवकर, सहालाच. भाव जास्त होता, तरी गेले. ढेमसं घेतली, गवार, आलू, आणि टमाटर आधीच पावच मागितले म्हणजे काट्यावरून उचलावे लागू नयेत.

"सांबार नाई पाह्यजे का?"

"पाहिजे. दहाचा दे."

तिनं जुडी सोडून काड्या मोजल्यासारख्या वेगळ्या केल्या, पाणी झटकलं, दिल्या. ताजा होता, मुळाला माती लागलेली. मी दहाची नोट पुढे केली, तिनं घेतली आणि बसल्या पोत्याखाली सरकवली. काही बोलली नाही. मागच्या बुधवारची आठवण नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "लहाना आला नाई आज?"

मला बरं वाटायला हवं होतं. आठवडाभर मला हेच हवं होतं, की मी पैसे द्यावे आणि तिनं घ्यावे. पण पिशवी घेऊन चार पावलं पुढे आले आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मी परत वळले. तिच्यासमोर उभी राहिले आणि काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, "मावशी, मागच्या वेळचं वरण लय मस्त झालं होतं. पोरांनी दोनदा घेतलं."

"हाव?" ती म्हणाली आणि हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत, हे सहा वर्षांत मी पाहिलंच नव्हतं. "मंग पुढच्या बुधवारी लहान्याले आण संगं."

रात्री सगळे जेवल्यावर वही काढली. आजच्या ओळीत लिहिलं, सांबार 10. मग पान मागे उलटून मागच्या बुधवारच्या ओळीत, त्या रिकाम्या जागेत लिहिलं, मावशीनं दिला.

उद्याची चण्याची डाळ भिजवायची राहिली होती, ती भिजवून आले. दोन मुठी आणि वरून थोडी.