मेहरानगडावरचा एक दगड

जोधपूरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने मला निळ्या घरांबद्दल सांगितलं, मिर्चीवड्याबद्दल सांगितलं, मोतीमहालाच्या रंगीत काचांबद्दल तर भरभरून सांगितलं. राजाराम मेघवालबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून हे लिहितेय.

बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. आई बरोबर होती. तिच्या गुडघ्यांमुळे गडाची धास्ती होती, पण मेहरानगडात लिफ्ट आहे आणि रिक्षा पार दरवाजापर्यंत जाते. गड शहराच्या डोक्यावर उभा आहे. घंटाघराच्या बाजारात वळून पाहावं तर गड, गच्चीवर चहा घ्यावा तर समोर गड. खाली उभा कातळ आणि त्यातूनच वर निघाल्यासारखी भिंत. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं हे लांबून कळतच नाही.

राव जोधाने 1459 मध्ये मंडोर सोडून इथे राजधानी आणली. या टेकडीवर चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. त्यांना हुसकावलं आणि त्यांनी शाप दिला की या गडाला कायम पाण्याचा दुष्काळ राहील. त्याला उतारा म्हणून गडाच्या पायात एक जिवंत माणूस पुरला. राजाराम मेघवाल. कथा सांगते की तो आपण होऊन पुढे आला, आणि राव जोधाने त्याच्या कुटुंबाची काळजी घेण्याचा शब्द दिला, जमीन दिली. त्याच्या नावाचा दगड गडात आहे.

आम्ही त्या दगडापाशी थांबलो तेव्हा मागून एक मोठा ग्रुप आला. त्यांच्या गाइडने चालता चालता एक वाक्य टाकलं, "यहाँ एक आदमी ने बलिदान दिया था, आगे चलिए." आणि सगळे पुढे गेले. कुणाचं पाऊल रेंगाळलं नाही, कुणी नावही वाचलं नाही. मला मनापासून राग आला. एवढ्या प्रचंड वास्तूत राजांची, राण्यांची, तोफांची, अगदी पालख्यांचीसुद्धा माहिती मिळते. आणि ज्याच्या अंगावर हे सगळं उभं आहे असं गडाची स्वतःचीच कथा म्हणते, त्याच्या वाट्याला अर्धं वाक्य!

शिवाय ते "आपण होऊन" मला पटत नाही. पंधराव्या शतकात, मेघवालांसारख्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातीतल्या माणसाला राजाच्या माणसांनी विचारलं, तर तो नाही म्हणू शकत होता का? शाप राजाला, पाणी राजाच्या गडाला, जीव मात्र याचा. आई म्हणाली, "अगं, निदान नाव तरी ठेवलंय. आपल्याकडे पुलाखाली, बुरुजाखाली माणसं पुरल्याच्या गोष्टी ऐकतो, त्यांची नावं कुठे माहीत असतात?" तिचं म्हणणं खरं आहे. तरी माझा राग गेला नाही.

त्याच रागात लोहापोळ या दरवाजापर्यंत पोचलो. दाराशेजारच्या भिंतीत छोटे छोटे हात कोरलेले आहेत, वर शेंदूर आणि वर्ख. महाराजा मानसिंह 1843 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर चितेवर गेलेल्या राण्यांचे हे हात. ब्रिटिश मुलखात सतीबंदीचा कायदा 1829 मध्येच झाला होता, पण जोधपूर संस्थान होतं. इथे मात्र गर्दी थांबते. लोक हात जोडतात, कुणी त्या हातांजवळ आपला पंजा धरून फोटो काढतं. एक बाई आपल्या लहान मुलीला "पाया पड" म्हणत होती. आईने हात जोडले नाहीत. ती जवळ जाऊन एकेक हात बघत राहिली आणि म्हणाली, "किती लहान हात आहेत गं." पुढे बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

महाल सुंदर आहेत, त्यात वाद नाही. फूलमहाल, मोतीमहाल, तखतविलास, नाजूक जाळीचे झरोके, सगळं शाबूत. इथे प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं, आमच्या शेजारच्या पुणेरी काकांच्याही तोंडून आलं: "बघा यांनी कसं जपलंय, आणि आपण!" मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. जोधपूरने 1818 च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. त्याच वर्षी मे महिन्यात रायगडावर इंग्रजांच्या तोफा चालल्या आणि गडावरचे वाडे जळाले. एका गडाला राजघराणं, उत्पन्न आणि पुढे संग्रहालय लाभलं, दुसऱ्याला आगीनंतर ओसाडी. आपण गड नीट राखत नाही ही तक्रार खरीच आहे, पण रायगडावर झुंबरं का नाहीत याचं उत्तर आपल्या आळसात शोधू नये.

आणि जोधपूर काही आपल्याला परकं नाही. मारवाडच्या, म्हणजे जोधपूरच्याच, गादीच्या भांडणात उतरलेले मराठा सरदार जयाप्पा शिंदे 1755 मध्ये नागौरच्या वेढ्यात दग्याने मारले गेले. तेव्हा नागौरात अडकलेला राजा विजयसिंह याच गडाचा धनी. शस्त्रांच्या दालनात फिरताना हे सारखं मनात येत होतं.

मला जोधपूर खरं भेटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, गडाच्याच पायथ्याशी, राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये. तिथे गर्दी नव्हती. सुमारे 70 हेक्टरचा हा खडकाळ भाग वेड्या बाभळीने गिळला होता. आपल्याकडे दुष्काळी भागात माजलेली तीच ही. इकडे तिला बावळिया म्हणतात. 2006 पासून पर्यावरणतज्ज्ञ प्रदीप कृशेन यांनी ती काढून मारवाडची मूळची झाडं परत आणली. पण ही बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटते. मूळ खोलवर कापायचं, आणि ते मूळ खडकाच्या भेगेत! यंत्रं हरली. मग खंडवालिया आले. हे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे खाणकामगार. हातोडीने खडकावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, आणि त्यावरून आत भेग कुठे, कशी जाते ते ओळखायचं. मग तेवढाच खडक छिन्नीने उघडून मूळ काढायचं.

तिथल्या वाटाड्याने आम्हाला एके ठिकाणी दगडावर ठोकून दाखवलं. एक आवाज खणखणीत, हातभर अंतरावरचा दुसरा बद्द. "ये बोलता है भाईसा, सुनना आना चाहिए," असं तो माझ्या मागच्या माणसाला म्हणाला. मी ठोकून पाहिलं, फरक मलाही कळला. पुढे वाट एका जुन्या नहरीतून जाते. गडाखालच्या तलावांकडे पावसाचं पाणी नेण्यासाठी माणसांनी अखंड कातळात खोदलेली, दोन्ही बाजूंना छिन्नीचे घाव. चिडियानाथांच्या शापाला हे खरं उत्तर होतं, या हातांचं. पाणी माणूस पुरून आलं नाही, कातळ फोडून आलं.

तो खडक रायोलाइट, सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतला. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे याच्यापुढे कोवळाच. झाडांची नावंही ओळखीची निघाली. निवडुंगासारखा तो थोर इथेही थोरच. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी, आणि जेवणात वाढतात ती सांगरी म्हणजे तिच्याच शेंगा. आईला हे कळल्यावर तिने केर-सांगरीची भाजी पुन्हा मागून घेतली.

उमेदभवन, जसवंत थडा, मंडोर हे सगळं पाहिलं. उमेदभवन दुष्काळी कामातून उभं राहिलं एवढं लक्षात राहिलं, बाकी मोटारी आणि घड्याळं. जिथे उतरलो त्या घरच्या भाभीसांनी आईच्या गुडघ्यांसाठी न मागता गरम तेल आणून दिलं. तो पाहुणचार मी विसरणार नाही.

कुणी जाणार असेल तर आधी रॉक पार्क पाहा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, आणि मग गडावर जा. दगड कुणी फोडला ते पाहून मग महाल बघावेत. गाइड घेतलात तर त्याला राजाराम मेघवालच्या दगडापाशी थांबवा आणि पूर्ण गोष्ट सांगायला लावा. मी पुन्हा जाणार आहे ती पावसाळ्याच्या शेवटी. तेव्हा नहरीत पाणी असतं आणि त्या उघड्या कातळावर गवत उगवलेलं असतं, असं वाटाड्या म्हणाला होता. आईने आत्तापासूनच भाभीसांना फोन करून ठेवलाय.