नदीकाठचा अंक

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर मासिकाच्या डमीवर, म्हणजे नमुना प्रतीवर, बसले होते. कोरे कागद मधोमध दुमडले, एकात एक घातले, मध्ये पिन मारली आणि बत्तीस पानांचं हातात मावेल एवढं मासिक तयार झालं. मुखपृष्ठावर नावाच्या जागी अजून नुसती लाल चौकट आहे. आई पाणी ठेवायला आत आली नि म्हणाली, "काय करायलास गं? ऑफिसचं काय?" ऑफिसचं नाही म्हटल्यावर तिने डमी उचलून पानं चाळली. "खानापूर खट्टे हाय यात?" खट्टे म्हणजे कुठे. मी पान काढून दाखवलं.

हे छापलं जाईल की नाही, त्याचा विचार आत्ता करायचाच नाही. बेळगावातून एखादं मासिक निघालं तर ते कसं दिसावं, हे पानं लावून बघायचंय. इथे वाचकांची वानवा कधीच नव्हती. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, 'तरुण भारत' १९१९ पासूनचा. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात आणि शेतातली कामं आटोपून माणसं मांडवात येऊन बसतात. तरीही पुण्या-मुंबईच्या छापील पानावर आपला भाग दिसतो तो बहुतेक वेळा एकाच विषयासाठी, सीमाप्रश्नासाठी. तो विषय माझ्याही घरातला आहे. १७ जानेवारीला आजोबा हुतात्म्यांना अभिवादन करायला अजून जातात, मी त्यांच्याबरोबर जाते. पण वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही काय पेरतो, काय विणतो, कुठल्या यात्रेला जातो, कुणाशी कुठल्या भाषेत भांडतो, याला कुठे पान मिळत नाही. मला ते पान हवंय.

म्हणून ठरवलं, एका अंकाला एक नदी. तालुका किंवा जिल्हा धरला की नकाशावरची रेघ आधी येते. घटप्रभा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी, वेदगंगा, दूधगंगा या नद्या महाराष्ट्रातून इकडे कर्नाटकात येतात. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगवून गोव्याला जाते. पहिला अंक मात्र मलप्रभेचाच. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ तिचा उगम. तिथून खानापूर आणि त्याजवळच्या असोग्याचं रामलिंग, एम. के. हुबळी आणि सौंदत्तीजवळचं धरण. पुढे ती कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, पण माझा अंक सौंदत्तीला थांबतो.

मांडणीतली मुख्य गोष्ट अशी, की प्रत्येक पानावर एकाच उंचीवर निळी रेघ जाते. रेघेच्या वर मराठी, खाली कन्नड. कणकुंबीच्या पानांवर रेघेखाली कन्नडच्या दोनच ओळी असतात. पुढे खालचा मजकूर वाढत जातो, वरचा आटतो. पिन जिथे बसते त्या सोळा-सतरा पानांवर दोन्ही सारखे. मधली जोडी एकाच कागदावर छापली जाते, त्यामुळे चित्र सांध्यात तुटत नाही. तिथे मी खानापूरच्या पूर्वेकडचा, इटगी-बिडीकडचा मुलूख ठेवलाय. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो तो पट्टा.

दोन लिप्या शेजारी बसवणं मात्र सोपं नाही. देवनागरी शिरोरेषेला लटकते. कन्नड गोल, आणि तिची जोडाक्षरं खाली उतरतात, म्हणून दोन ओळींत जास्त जागा लागते. मराठीला पुरेल एवढंच अंतर ठेवलं की कन्नडची अक्षरं खालच्या ओळीवर चढतात. शेवटी दोन्हीकडे कन्नडला लागेल तेवढं अंतर ठेवलं. मराठी मोकळी झाली आणि वाचायलाही बरी वाटते. फाँट 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचा 'अनेक' नावाचा घेतला. त्यात देवनागरी आणि कन्नड एकाच घरातली म्हणून घडवली आहेत, जाडी जुळते. मथळ्यांना तो छान दिसतो. लांब मजकुराला मला थोडा रुक्ष वाटतो, तिथे दुसरा शोधायला हवा.

कणकुंबीच्या पानांवर कळसा-भांडुराही येणार. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना, २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कळसा १.७२ आणि भांडुरा २.१८ टीएमसी (अब्ज घनफूट). गोव्याला ते मान्य नाही. हे आकडे मोठ्या चौकटीत टाकायचे नाहीत, निळ्या रेघेवरच छोट्या अक्षरांत लिहायचे. ज्या पाण्याची वाट हुबळी-धारवाड बघतंय, ते कणकुंबीच्या माणसाला दारातून दिसतं. त्या माणसाशी बोलल्याशिवाय ते पान पुरं होणार नाही. खानापूरच्या कुंभारांची पानं मात्र सहज लागली, मातीचे रंगच इतके चांगले आहेत.

शेवटची पानं मी पूर्ण कन्नड ठेवली होती. शुक्रवारी ऑफिसात सौंदत्तीकडच्या एका सहकाऱ्याला डमीची कल्पना सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं मराठी संपत नाही की. मार्गशीर्ष पुनवेला यल्लमाच्या यात्रेला कोल्हापूरची माणसं गाड्या भरून येत्यात. डोंगरावर सगळीकडं उदं गं आई उदंच ऐकायला येतंय." आधी ही माणसं बैलगाड्यांनी यायची, आता एसटीने येतात, वाटेत मुक्काम करतात, चुली मांडतात. म्हणजे नदीबरोबर उतरत गेलेली मराठी यल्लमाच्या डोंगरावर पुन्हा वर येते, तीही नदीच्या वाटेने नाही, रस्त्याने.

आज दुपारी त्या पानांवर निळ्या रेघेच्या वर पुन्हा मराठी चढवली. कन्नड मजकूर तेच सहकारी लिहितो म्हणालेत. माझ्या मराठीचं भाषांतर त्यांनी करू नये, असं मी मुद्दाम सांगितलं. लहानपणापासून ती यात्रा त्यांनी जशी पाहिली तशी लिहावी. त्यांना दोन पानं लागतील, आणि बत्तीसची छत्तीस करायची तर कागद वाढतो. संपादकीय काढून टाकलं. आतल्या मुखपृष्ठावर आता फक्त नदीचा नकाशा आहे, आणि त्यात राज्याची रेघ मी काढलेली नाही.